बटर-लसूण कोळंबी: बडोद्यातल्या नवशिक्यांसाठी

बडोद्यात मासे खाणारी मराठी मंडळी दोन तऱ्हांची. एक जुनी, गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली. यांच्या फडताळात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, बरणी असते, आणि मुंबईहून कुणी येणार म्हटलं की थर्मोकोलच्या डब्याची आठवण फोनवरच करून दिली जाते. दुसरी नवी. नोकरीला किंवा सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेली, आईच्या हातचं खाऊन वाढलेली आणि जन्मात कधी कोळंबी न सोललेली. हा लेख या दुसऱ्यांसाठी आहे. पहिल्यांनी वाचला तर नाक मुरडतील, कारण यात ना आमसूल, ना वाटण, ना नारळ.

आणि नवशिक्याला तेच सोयीचं. कालवण बिघडलं तर मसाला चुकला, खोबरं कमी पडलं की मासा शिळा होता हे कळता कळत नाही. इथे कोळंबी, बटर, लसूण, लिंबू एवढाच कारभार, त्यामुळे चूक लगेच सापडते. माझं म्हणणं थोडक्यात असं की या पदार्थात कोळंबीचा दोष जवळजवळ कधीच नसतो. चव बिघडते आचेमुळे आणि पोटाचा हिशेब बिघडतो बटरमुळे. ही दोन सांभाळली की बाकी काही अवघड नाही.

आधी बाजार

खंभातचं आखात आपल्यापासून फार लांब नाही. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेल्यांनी भरतीचं पाणी पिंडीवर चढताना पाहिलं असेल. तरीही मुंबई-रत्नागिरीसारखी सकाळ-संध्याकाळ समुद्राची कोळंबी बडोद्यात हाताशी नसते. दुकानांत बहुतेक मिळते ती तलावात वाढवलेली वनामी. ही मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याआधी तलावांत वाढवली जाणारी टायगर कोळंबी बघता बघता मागे पडली. आपल्याकडे भरूच, सुरत, नवसारी, वलसाडच्या खाऱ्या जमिनींवर वनामीचे तलाव आहेत. चवीला सौम्य, किंचित गोडसर. झणझणीत कालवणात ती हरवते असं माझं मत आहे, पण बटरमध्ये तिच्यासारखी तीच.

समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून किमान दोन महिने बंदी असते. तेव्हा ऐन जुलैत कुणी ‘दरियानो ताजो माल’ म्हणून गळ्यात मारायला लागला तर हसून पुढे व्हा. तलावातली किंवा गोठवलेली कोळंबी मात्र त्या दिवसांतही मिळते. आणि हो, कोळंबी म्हणून विचारलंत तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, झिंगा मागा.

ताजी घ्यायची असेल तर सकाळी जा आणि नाकावर विश्वास ठेवा. डोकं धडाला घट्ट हवं, कवच चकचकीत, मांस करडं आणि थोडं पारदर्शक. वास खारट, समुद्राचा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर भाव कितीही पडला तरी ती कोळंबी घ्यायची नाही. कवचावर अधूनमधून काळपट डाग दिसले म्हणजे ती कुजलीच असं नाही, पण तिला बाहेर येऊन वेळ झालाय हे नक्की. डोकं-कवचासकट एक किलो घेतलीत तर सोलून हाती अर्धा किलोच्या आसपास उरते, भाव करताना हे ध्यानात असू द्या.

नवशिक्यांनी मात्र गोठवलेली घ्यावी, असं मी स्पष्ट सांगेन. मे महिन्यात उन्हाचा पारा चाळिशीच्या वर असताना हातगाडीवर बर्फात ठेवलेल्या ‘ताज्या’ मालापेक्षा काढल्याबरोबर गोठवलेली कोळंबी पुष्कळदा जास्त ताजी असते. पाकीट हातात घेऊन हलवा. आतले नग सुटे वाजले पाहिजेत. सगळे एकमेकांना चिकटून दगड झालाय किंवा तळाशी बर्फाचा भुगा साठलाय, तर वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलंय. वजन बघताना निव्वळ वजन बघा, कारण प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ थर असतो आणि त्याचे पैसे आपण का द्यायचे? घटकांच्या यादीत ‘फॉस्फेट’ दिसलं तर समजा की मांसात पाणी धरून ठेवायची सोय केलेली आहे. अशी कोळंबी तव्यात पाणी सोडते आणि आक्रसते. गुलाबी दिसणारी, आधीच उकडलेली कोळंबी या पदार्थाला घेऊच नका, ती दुसऱ्यांदा शिजून चिवट होणार.

पाकिटावर ३१/४० असे आकडे असतात, म्हणजे एका मापात इतके नग. छापलेलं माप बहुधा पौंडाचं असतं आणि दुकानदार तोंडाने सांगतो ते किलोचं, हा घोळ लक्षात ठेवा. तर्जनीच्या दोन पेरांएवढा सोललेला नग आपल्याला बरोबर. करंदी किंवा जवळा या कामाचा नाही.

तिसऱ्या, म्हणजे शिंपले, बटरमध्ये करायचा मोह कुणाला झाला तर एकच सांगते. शिंपले जिवंतच लागतात, कच्चे असताना टिचकी मारल्यावर मिटले पाहिजेत आणि शिजल्यावर न उघडलेले फेकून द्यायचे. बडोद्यापर्यंत ते जिवंत येतील याची हमी मला वाटत नाही, म्हणून ते मुंबईला गेल्यावर.

वितळवणं, सोलणं, पुसणं

आदल्या रात्री पाकीट फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, एवढंच खरं तर पुरे. विसरलात तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवा, वीस-तीस मिनिटांत काम होतं. गरम पाणी नको आणि ओट्यावर उघडी ठेवणं तर नकोच, बडोद्याच्या उकाड्यात बाहेरचा भाग खराब व्हायला लागेल आणि आत बर्फ तसाच. एकदा वितळली की पुन्हा गोठवायची नाही.

कवचासकट असेल तर डोकं पिळून वेगळं करा, पायांच्या बाजूने अंगठा घालून कवच सोडवा, शेपटीचं टोक राहू दे, धरायला बरं पडतं. मग पाठीवर सुरीच्या टोकाने उथळ चीर द्या. आत काळा दोरा दिसेल. तो टूथपिकने उचलून हळूच ओढला की अख्खा निघतो. ते आतडं असतं. विषारी वगैरे नसतं, पण दाताखाली वाळूसारखं कचकचतं. कवचं टाकू नका, त्यांचं पुढे काम आहे.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती: पुसणं. धुतलेली कोळंबी स्वच्छ फडक्यात किंवा किचन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून दाबून कोरडी करा. ओली कोळंबी तव्यात टाकली की ती भाजली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते, आणि तुम्हाला वाटतं गॅस कमी पडला. आपल्या घरांत सवयीने हळद-मीठ चोळून ठेवतात. इथे हळद नको. बटर पिवळं झालं की ते केव्हा तांबूस होतंय हेच दिसत नाही. मीठही आत्ता नको.

बटर की लोणी

आणंद शेजारी असल्यावर पिवळ्या बटरची वाण बडोद्याला कधीच पडायची नाही. या बटरमध्ये जवळजवळ ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी, थोडा दुधाचा साका, आणि मीठ. मीठ आधीच आहे म्हणूनच वरून घालायची घाई नको. गोठवलेल्या कोळंबीतही बऱ्याचदा मीठ असतं. शेवटी चाखा आणि मग ठरवा.

साईचं घरचं लोणी असेल तर उत्तम, किंचित आंबूस चव छान लागते. पण त्यात ताकाचं पाणी राहिलेलं असतं, म्हणून ते तडतडतं. दोन-तीनदा गार पाण्यात धुऊन घ्या. तूप वापरलं तर चालतं, जळण्याची भीती नाही, कारण जळतो तो दुधाचा साका आणि तुपात तो राहिलेलाच नसतो. पण ज्या दुधाळ गोडव्यासाठी हा सगळा खटाटोप, तोही त्याच साक्यातून येतो. त्यामुळे माझं मत बटरलाच. भाजायला चमचाभर तेल आणि चवीला बटर, ही वाटणी सगळ्यात चांगली.

लसणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे बडोद्याची चैन आहे. थंडीत खंडेराव मार्केटमध्ये उंधियूसाठी हिरव्या पातीच्या लसणाच्या जुड्या येतात. त्याचा पांढरा भाग बारीक चिरून बटरमध्ये घालायचा आणि हिरवी पात गॅस बंद केल्यावर वरून, मूठभर. सुक्या लसणाचा उग्रपणा त्यात नसतो, आणि कोथिंबिरीची गरजच उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे आले तर हाच प्रकार करावा. इतर वेळी साध्या पाकळ्या चालतात, मात्र चिरून घ्या, ठेचून नको. ठेचलेला लसूण क्षणात करपतो आणि कडू होतो. बाजारची तयार आलं-लसूण पेस्ट या पदार्थाच्या आसपासही फिरकू देऊ नका.

आता गॅसपाशी

दोघांसाठी सोललेली पाव किलो कोळंबी, ३० ग्रॅम बटर (दोन मोठे चमचे), सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, एक हिरवी मिरची किंवा भरड मिरपूड, अर्धं लिंबू. सगळं चिरून-मोजून हाताशी ठेवा. एकदा गॅस पेटला की डबे शोधायला वेळ मिळत नाही. पावही आधीच आणून ठेवा. सेव-उसळीच्या शहरात चांगल्या पावाला तोटा नाही.

जाड बुडाचा पसरट तवा किंवा कढई मोठ्या आचेवर चांगली तापू द्या. तेल घाला, फिरवा. कोळंबी एका थरात मांडा, नग एकमेकांवर चढायला नकोत. पाव किलो एका वेळी मावत नसेल तर दोन हप्त्यांत करा. आणि मग हात मागे घ्या. सतत ढवळायची आपल्याला जी खोड आहे ती इथे आवरावी लागते. मिनिटभराने कडा गुलाबी-पांढऱ्या व्हायला लागतील. एकेक नग उलटा. दुसरी बाजू मिनिटापेक्षा कमी. मधला जाड भाग अजून किंचित पारदर्शक असतानाच सगळी ताटलीत काढून घ्या. काढायला जीव धजत नाही हे मला माहीत आहे, पण काढा. ती परत तव्यात यायची आहे.

आच मंद करा. अर्धं बटर घाला. फेस येईल, तो फेस म्हणजे बटरमधलं पाणी उडून जातंय. फेस बसत आला की लसूण आणि मिरची. आता तवा सोडून कुठे जायचं नाही. अर्ध्या मिनिटात लसणाचा वास बदलतो, कच्चा झोंबरा वास जाऊन खमंग येतो, आणि कडा अगदी फिकट सोनेरी होतात. तांबडा व्हायची वाट बघू नका, गरम बटरमध्ये तो पुढेही शिजत राहतो. कोळंबी आणि ताटलीत सुटलेला रस दोन्ही परत तव्यात, वीस-तीस सेकंद हलवा, गॅस बंद.

उरलेलं बटर फ्रीजमधून काढलेलं, थंडच हवं. ते आता घाला, लिंबू पिळा आणि तवा गोल गोल हलवत राहा. गार बटर, लिंबाचा रस आणि कोळंबीचं पाणी मिळून दाटसर, चकाकणारा रस तयार होतो. सगळं बटर सुरुवातीलाच घातलं असतं तर वर नुसता तेलाचा तवंग दिसला असता.

झाली की नाही हे ओळखायचं कसं? कोळंबी चंद्रकोरीसारखी वळली म्हणजे झाली. डोकं-शेपूट एकमेकांना भिडून घट्ट वेटोळं झालं म्हणजे वेळ टळून गेली. शंका असेल तर एक नग सर्वांत जाड ठिकाणी कापून बघा, आत पूर्ण पांढरा दिसला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असलाच तर आत ६३ अंश सेल्सिअस पुरेत. कोळंबीच्या मांसात मटणासारखे चिवट तंतू नसतात, त्यामुळे जास्त शिजवून ती मऊ पडत नाही. उलट प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर फेकलं जातं आणि रबर उरतो. ‘अजून दोन मिनिटं झाकण ठेव’ हा सल्ला कितीही वडीलधाऱ्या माणसाने दिला तरी ऐकू नका.

बाजूला काढलेली कवचं आठवताहेत ना? चमचाभर बटरमध्ये ती मंद आचेवर परतत राहा. पाच-सात मिनिटांत बटर केशरी होतं. कोळंबीतला हा रंग, अ‍ॅस्टाझँथिन त्याचं नाव, कच्च्या कवचात प्रथिनाला जखडलेला असतो, म्हणून ती करडी दिसते. उष्णतेने तो मोकळा होतो, आणि तो स्निग्धात विरघळतो. म्हणून पाण्यापेक्षा बटर जास्त रंगतं. त्यात दोन कप पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि त्या पाण्यात भात शिजवा. बटर-कोळंबीसोबत हा भात असला की मी पावाला हात लावत नाही.

पोटात काय जातं

सोललेल्या १०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी एक-दोन ग्रॅमच्या आत आणि उष्मांक जेमतेम ८५ ते १००. आपल्या मापाने माणशी १२५ ग्रॅम आली, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनं. भारतीय प्रौढांसाठी शिफारस आहे किलोमागे ०.८३ ग्रॅमची, ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. निम्मी गरज या एका ताटलीत भागली. शिवाय बी-१२, सेलेनियम, आयोडीन आणि जस्त. वरण-भात-भाजीवर राहणाऱ्यांना बी-१२ची चणचण असतेच, त्यांनी आठवड्यातून एकदा खाल्ली तरी फायदा आहे. पण उगाच गुण चिकटवू नका. लोहासाठी कोळंबी खाणं फोल आहे, ते तिसऱ्यांत भरपूर असतं. ओमेगा-३ आहे, पण बांगडा-तारलीच्या तुलनेत किरकोळ.

आता बटर. माणशी १५ ग्रॅम म्हणजे सुमारे १०८ उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम संपृक्त चरबी. दिवसाला २००० उष्मांक खाणाऱ्याने संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, म्हणजे तिसरा हिस्सा इथेच गेला. ताटलीतले जवळजवळ निम्मे उष्मांक बटरचे. हॉटेलात हाच पदार्थ मागवला की कोळंबी बटरमध्ये पोहत येते, मग हिशेब तुम्हीच करा. घरी करायचं खरं कारण हे आहे.

कोलेस्टेरॉलचं नाव काढलं की लोक कोळंबीकडे बोट दाखवतात. १०० ग्रॅममध्ये ते १५० ते १९० मिलिग्रॅम असतं, साधारण एका अंड्याइतकं. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा असतो, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या आहारविषयक सूत्रांतून रोजच्या ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं नसेल तर हात आखडता घ्यायचा तो बटरच्या चमच्यावर.

कुणी खाऊ नये, आणि कुणाचं ऐकू नये

कवचधारी माशांची अ‍ॅलर्जी ही गंमत नाही. ती मोठेपणी अचानकही सुरू होते, आणि ज्या प्रथिनामुळे होते ते शिजवल्याने नाहीसं होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा खात असाल तर एक-दोन नग खाऊन थांबा. ओठ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं, यांतलं काहीही झालं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना. धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जास्त सावध असावं, दोन्हींतलं प्रथिन एकाच जातीचं आहे. काळे डाग पडू नयेत म्हणून काही मालाला सल्फाइट लावतात, दमेकऱ्यांनी लेबल वाचावं. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून. गरोदर बाईला कोळंबी चालते, तिच्यात पारा कमी असतो, फक्त पूर्ण शिजलेली हवी.

लिंबू आणि कोळंबी एकत्र खाल्ल्याने पोटात आर्सेनिक तयार होऊन माणूस मरतो, असा एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतोय. भंपक आहे, बिनधास्त पिळा. मासे-दूध विरुद्ध आहार हा मात्र जुना विचार आहे, चरकसंहितेत आलेला, आणि त्यावरून ‘बटरही दुधाचंच ना’ असं आजी विचारणारच. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड येतं याला वैद्यकीय आधार नाही. कोड शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येतो. तरी आजी पाळत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची कोळंबी तेलात परता. त्याही मजेत खातील.

शेजारी, वास आणि उरलेलं

बडोद्यात हा भाग रेसिपीइतकाच महत्त्वाचा. घर भाड्याचं असेल तर मालकांनी काय सांगितलंय ते आधी आठवा, आणि नाही म्हटलं असेल तर खाणाऱ्या मित्राचा ओटा गाठा. तसं या पदार्थाला तळलेल्या बोंबलासारखा वास सुटत नाही, लसणाचाच जास्त दरवळतो. वास राहतो तो कचऱ्याचा. कवचं आणि डोकी दुहेरी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की मगच बाहेर काढा. रात्रभर जिन्यात ठेवलीत तर सोसायटीच्या बैठकीत तुमचा विषय निघालाच समजा. तवा गरम पाणी आणि लिंबाच्या सालीने घासा.

उरत नाहीच सहसा. उरलीच तर तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा गरम करायची नाही, रबर होईल. गारच बारीक चिरून, कच्चा कांदा आणि मिरपूड घालून पावात भरा आणि डब्यात न्या.